धुमेचं देणं

वडनेर भोलजीच्या भजनी मंडळात मी मृदंग वाजवतो. माझं संगीत एवढंच. गेल्या वर्षी नवा मृदंग घेतला आणि मधल्या काळात विझत चाललेली वाजवण्याची उमेद पुन्हा आली. ती कशी आली हे लिहायला बसलो, तेव्हा जाणवलं की त्यात माझं स्वतःचं फार थोडं आहे. ज्यांचं आहे त्यांच्याविषयीच लिहितो.

आमचं गाव मलकापूर आणि नांदुरा यांच्या मध्ये, मुंबई-कोलकाता महामार्गावर. काळी जमीन, कपाशी, तूर, आणि रात्रंदिवस ट्रकांची वर्दळ. पूर्वेला शेगाव, पश्चिमेला मुक्ताईनगर. एकीकडे गजानन महाराजांची पालखी, दुसरीकडे मुक्ताबाईंची. अशा गावात मृदंग शिकावा असं ठरवावं लागत नाही. सप्ताहात कुणीतरी लहान पोराला पुढे ओढून बसवतो आणि सुरुवात होते. मला ज्यांनी ओढलं त्यांना सगळं गाव बुवा म्हणायचं. ते आळंदीला राहून आलेले. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून शिकून गेलेल्यांच्या हाताखाली बुवा तयार झाले होते, आणि त्याचा अभिमान त्यांच्या बोलण्यात नसे, शिस्तीत असे. वाजवायला बसण्याआधी हात धुवायचे. वाद्याला पाय लागता कामा नये. आणि सगळ्यांत आधी कणीक भिजवायची.

मृदंगाला दोन तोंडं. उजवीकडे शाईची पुडी, लहान आणि ताणलेली. तिच्यावरची शाई लोखंडाच्या किसाची आणि खळीची, थरावर थर देऊन दगडाने घोटलेली, कायमची. डावीकडे धुम, रुंद आणि सैल. तिच्यावर कायमचं काही नसतं. दर वेळी गव्हाची कणीक भिजवून मधोमध थापायची, वाजवून झालं की खरवडून काढायची. कणीक जास्त झाली की आवाज दबतो, कमी झाली की टणक होतो. आमच्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ती वाजवता वाजवता सुकते, मग मधेच पाण्याचं बोट फिरवावं लागतं. मला हे काम आचाऱ्याच्या हाताखालचं वाटायचं. माझा जीव उजव्या हातात होता. जलद बोल, लग्ग्या, ज्यावर लोक मान डोलावतात ते सगळं उजव्या हाताचं, अशी माझी त्या वयातली समजूत.

बुवांनी मात्र बराच काळ मला डावाच हात दिला. एकदा सप्ताहात पावली चालली होती, मी त्यांच्या शेजारी होतो. ते हळूच म्हणाले, "तोंडाकडं नको पाहू. मांगच्या टाळकऱ्याचे पाय पाह्य. तुया डाव्या हातानं ते पाय उचलले पाह्यजेत." मी पाहिलं. पाय उचलले जात होते, पण ते बुवांच्या हातानं. माझा हात त्यांच्या आवाजाखाली झाकला जात होता. त्यांचं म्हणणं मला शब्दांनी कळलं, कानाला कळायला अर्धं आयुष्य गेलं.

पुढे कधीतरी वाचनात आलं की चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर'मध्ये आपल्या चर्मवाद्यांवर लिहिलं होतं. साध्या चामड्याच्या पडद्यातून निघणारे वरचे स्वर एकमेकांशी पूर्णांकांच्या प्रमाणात नसतात, म्हणून साध्या ढोलाला नेमका स्वर सापडत नाही. मधोमध शाईचं वजन दिलं की ते स्वर प्रमाणात येतात आणि वाद्य सुरात बोलतं. हे ज्यांनी कुणी शोधलं त्यांची नावं कुठेच नाहीत. चामडं कमावणारे, शाई घोटणारे, खोड कोरणारे हात. मी ज्या सुखावर जगलो ते त्यांनी दिलेलं आहे, आणि त्यांचे आभार मानायला मला कुणाचं दार माहीत नाही.

बुवा गेले. देवळातला मृदंग उरला. त्याचं खोड तडकलेलं, तड भरून घेतलेली, धुम कितीदा बदललेली. हळूहळू डावं तोंड बोलेनासं झालं. कणीक कमी-जास्त करून पाहिली, वाद्या ताणून पाहिल्या, गठ्ठे ठोकून पाहिले. उजवी पुडी सुरात यायची, धुम नुसती थपथपायची. सप्ताहाला मोठे स्पीकर आले, तेव्हा ते उणेपण झाकलंही गेलं. ध्वनिक्षेपकावर खालचा आवाज वाढवता येतो. मग कुठलाही मृदंग, कुठलाही हात, बाहेरून सारखाच घुमतो. लोकांना काही कमी वाटत नव्हतं, मला वाटत होतं. डाव्या हाताला उत्तर मिळेना, तसा मी तो हात मारायचा म्हणून मारू लागलो. मग मृदंग गळ्यात घालण्याची पाळी आली की दुसऱ्या कुणाकडे पट्टा द्यायला लागलो. वय झालं, असं सांगायचो, आणि मला ते खरंही वाटत होतं.

पुण्याला पुतण्याकडे गेलो तेव्हा तो नवी बेस गिटार घेऊन बसला होता. तो कंपनीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या वाद्यवृंदात वाजवतो. मधे त्याचंही वाजवणं बंद पडलं होतं. जुन्या गिटारीची मान वाकलेली, तारा पट्टीपासून उंच गेलेल्या, एक स्वर मोठा तर शेजारचा मेलेला. नवी हातात आल्यापासून तो रोज रात्री बसत होता. म्हणाला, "काका, जुन्यावर मला वाटायचं माझी बोटंच संपली. नव्यावर पाहिलं तर बोटं तीच आहेत."

मी त्याला या वाद्याविषयी विचारत गेलो आणि तो सांगत गेला. बेस गिटारला साधारण चार तारा, गिटारच्या खालच्या चार तारांच्या एक सप्तक खाली लावलेल्या. सगळ्यांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. पूर्वी हे काम माणसाहून उंच उभ्या डबल बासवर चालायचं. ते न्यायला आणायला अवजड, आणि ढोल-पितळी वाद्यांच्या गलक्यात ऐकूही येत नसे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ साली विजेवर चालणारी, पट्ट्या बसवलेली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली आणि खालचा स्वर वाजवणाऱ्याला गळ्यात वाद्य अडकवून इतरांच्या बरोबरीनं उभं राहता आलं. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांनी वाजवलेली बेस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, गाणं गुणगुणताना ती वेगळी आठवत नाही इतकंच. हे ऐकताना मला बुवाच दिसत होते. गळ्यात वाद्य, उभं राहून वाजवणं, आणि आपला आवाज कुणी वेगळा काढून ऐकू नये पण त्याच्यावर सगळ्यांनी चालावं.

त्यानं खालची तार छेडली आणि मला गिटारच्या लाकडावर तळहात ठेवायला सांगितलं. मग म्हणाला, "लहानपणी सप्ताहात मी बुवांच्या डाव्या बाजूला बसायचो. त्यांनी माझा हात असाच खोडावर ठेवला होता. बेस धरली ती त्यामुळे." हे मला माहीत नव्हतं. बुवांच्या शेजारी इतकी वर्षं मी बसलो. ते मला जे देत होते, तेच त्यांनी एका पोराला न बोलता, एका हाताच्या स्पर्शानं देऊन टाकलं होतं आणि त्यानं ते जपलंही होतं. माझा पुतण्या त्या क्षणी मला माझा गुरुबंधू वाटला.

दुसऱ्या दिवशी तोच मला आळंदीला घेऊन गेला. मी नको म्हणत होतो. या वयात नवा मृदंग कशाला, मंडळाचा आहे की. त्यानं ऐकलं नाही. समाधीचं दर्शन घेतलं आणि एका कारागिराच्या दुकानात शिरलो. खैराचं, शिसवाचं, आंब्याचं, अशी खोडं ओळीनं मांडलेली. आता नट-बोल्टचे मृदंगही मिळतात, सुरात लावायला सोपे. मी वादीचा मागितला. कारागीर वयानं माझ्याएवढाच असेल. त्यानं आधी विचारलं, "भजनाला की कीर्तनाला? तुमच्याकडचे गाणारे कुठल्या पट्टीत गातात?" मी काळी चार सांगितली. मग म्हणाला, "उजवं मी लावून देतो. डावं तुम्ही ऐका, ते तुमच्या हाताचं." त्यानं ताजी कणीक थापून मृदंग माझ्या मांडीवर दिला.

मी तळवा टेकवून एक घे मारला. आवाज खोडातून मांडीत, मांडीतून छातीत आला आणि थांबला नाही, चालत राहिला. तळवा पुढे सरकवला तसा वर चढला, मागे घेतला तसा खाली उतरला. इतकी वर्षं माझा डावा हात प्रश्न विचारत होता, त्याला आज उत्तर आलं. मी किती वेळ वाजवत होतो मला ठाऊक नाही. कारागिरानं घाई केली नाही. दुसरं गिऱ्हाईक आलं तरी त्यानं मला उठवलं नाही. पैसे देताना मी त्याच्या पाया पडायला वाकलो, तर तो मागे सरला. म्हणाला, "माऊली, मी फक्त खोड कोरलं."

नव्या वाद्यानं मला काय दिलं? हात तेच होते, बोल तेच होते, बुवांनी दिलेल्यापलीकडे मला आजही काही येत नाही. पण जुन्या वाद्याशी मी तडजोड करत गेलो होतो. त्याच्याकडून जे मिळत नाही ते मागायचंच नाही, अशी हाताला सवय लागली होती. नव्या धुमेनं ती सवय मोडली. जे मागितलं ते येऊ लागलं, म्हणून आणखी मागावंसं वाटू लागलं. घरी आल्यावर पहाटे उठून मी नुसता डावा हात वाजवत बसायचो, पोरगा असताना बुवांनी सांगितलं होतं तसा. तेव्हा जे शिक्षेसारखं वाटलं होतं, त्याची आता रोज वाट पाहू लागलो. बायकोनं कणीक भिजवताना एक गोळा मला बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली. तिनं त्याविषयी कधी काही म्हटलं नाही, पण तो गोळा चुकला नाही.

कोजागरीनंतर काकडा सुरू झाला. पहाटेचा गारवा, पोरं अजून झोपेत, टाळकरी थोडे. मी पट्टा गळ्यात घातला. पावली सुरू झाल्यावर गाणाऱ्यांच्या तोंडाकडे न पाहता मागच्या रांगेच्या पायांकडे पाहिलं. सगळेच पाय काही उचलले गेले नाहीत. दोघा-तिघांचे मात्र माझ्या धुमेबरोबर जमिनीवर येत होते, आणि त्यांना ते कळतही नव्हतं. बुवा असते तर काय म्हणाले असते हे मी सांगू शकत नाही. ते कौतुक फार करत नसत.

देवळातला जुना मृदंग आता गावातली एक मुलगी वाजवते. सध्या तिला मी डावाच हात देतो. ती रोज विचारते, "काका, उजवा कवा शिकवसान?" तिचा प्रश्न मला रास्त वाटतो, कारण त्या धुमेवर शिकणं अवघड आहे, जे वाद्य बोलत नाही त्यावर डाव्या हाताची गोडी लागत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. म्हणून ते जुनं खोड आळंदीला नेऊन त्याच कारागिराकडून नवी धुम चढवून आणायची आहे. शेगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुण्याला, तिथून पुढे. खर्च मी देतो, असं पुतण्या म्हणाला. मी त्याला म्हटलं, या वेळी तरी मला देऊ दे.