मामांची गाडी आणि माझं ज्ञान

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी कॉन्व्हेंटचा. 'झडप' म्हणजे व्हॉल्व्ह हे मला सेकंड इयरला कळलं, तेही मेसमध्ये रूममेटकडून. तेव्हा शुद्धलेखनाकडे कृपया काणाडोळा करावा.

माझे मामा समुद्रपूरला राहतात. एक पेट्रोल गाडी, तीच त्यांची शेती म्हणा ना! सेवाग्रामच्या दवाखान्यात पेशंट ने, नागपूरला कुणाला विमानतळावर सोड, यावर घर चालतं. मागच्या उन्हाळ्यात मी ल्युब्रिकेशनचं चॅप्टर नुकतंच शिकून तिकडे गेलो. पारा ४६ वर. ऐटीत म्हणालो, "मामा, एवढ्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, २०डब्ल्यू-५० टाका." मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलेलं. मामा म्हणाले, "तू शिकून रायला बापू, तुले जास्त समजते." आणि दर सर्व्हिसिंगला तेच टाकत गेले.

डिसेंबरात फोन आला. सकाळी निघाल्यावर जामच्या चौरस्त्याला गाडी थांबवली की इंजिन थरथर कापतं, कधी बंदच पडतं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. एकदा तर मागे डायलिसिसचा पेशंट असताना तीनदा बंद पडली. शहरातल्या एका वर्कशॉपने स्कॅनर लावून कोड काढला, पी००११, आणि सांगितलं, फेजर, चेन सगळं बदला, ३२ हजार.

आता थोडी थिअरी. (कंटाळा आला तर पुढचा पॅरा वाचा.) कॅमशाफ्टच्या टोकाला फेजर असतो. त्यात ऑइलच्या दाबाने कॅम काही अंश पुढे-मागे सरकतो. ऑइल कोणत्या बाजूला सोडायचं ते एक छोटा सोलेनॉइड व्हॉल्व्ह ठरवतो. रस्त्यावर इनटेक झडप लवकर उघडली तर चांगलंच. पण गाडी थांबल्यावर कॅम मागे आला नाही, तर जळालेला गॅस परत आत शिरतो आणि आयडलिंगची वाट लागते. पी००११ एवढंच सांगतो की कॅम हवा त्यापेक्षा पुढे राहिला. का राहिला, ते नाही.

ते विचारलं हायवेवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. "दुपारी बंद पडते का?" नाही. "मंग चेन काहून बदलता? चेन ढिली झाली तर ते थंडी-ऊन पायते का?" एक बोल्ट काढून व्हॉल्व्ह बाहेर. मल्टिमीटरवर ७ ओहम, बॅटरीची वायर टेकवली तर टक्‌ असा आवाज, म्हणजे व्हॉल्व्ह जिवंत. पण त्याची जाळी काळ्या चिकट गाळाने भरलेली. मग त्यांनी डिपस्टिक काढली, ऑइल दोन बोटांत चोळलं आणि विचारलं, "हे घट्ट ऑइल कोनं टाकाले सांगतलं?"

माझे कान गरम झाले. मामा म्हणाले, "मीच टाकलं."

मी? मी काहीच बोललो नाही. टॉर्च धरून उभा राहिलो.

जाळी धुतली, ऑइल काढलं, नवा फिल्टर, ५डब्ल्यू-३०, कोड पुसला. गाळ अजून आत असणार म्हणून हजार किलोमीटरला पुन्हा ऑइल बदलायला सांगितलं. सगळे मिळून २६०० रुपये. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंगावर काटा येईल अशा थंडीत, मी मुद्दाम मामांबरोबर जामपर्यंत गेलो. चौरस्त्याला गाडी थांबली. इंजिन चालू. दिवा नाही. मामांनी दोन चहा सांगितले आणि नव्या ऑइलविषयी एक शब्द काढला नाही, मीही नाही.

हा अंक छापून आला की एक प्रत समुद्रपूरला पाठवणार आहे. आणि सर, प्लीज, व्हायवाला मला व्हिस्कॉसिटी विचारू नका!