सेल हल्ली पूर्वीसारखे येत नाहीत

आमच्या घरात ब्याटरी म्हणजे हातात धरून अंधारात जायची ती. तिच्या पोटात घालतात ते सेल. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, पण पुस्तकातली माणसे अंधारात फारशी जात नसावीत. आमचे चिरंजीव तिला टॉर्च म्हणतात आणि तिच्या पोटातल्या सेलला बॅटरी. त्यामुळे ‘जरा ब्याटरी आण’ म्हटले की तीन पिढ्या तीन दिशांना जातात.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ब्याटरी दोन मोठ्या सेलांची, पत्र्याची आणि वयाने माझ्याहून थोडीच लहान. नुसते बटण सरकवून ती पेटत नाही. बुडाला एक चापट द्यावी लागते. ती किती जोरात द्यायची हे फक्त अण्णांना ठाऊक. लहानपणी आम्हा भावंडांवरही त्यांनी हेच तंत्र वापरले. उजेड मात्र त्या मानाने कमी पडला.

अण्णा राहतात कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात. वय ८१. घरामागे पोफळीचे आगर, आगराच्या टोकाला विहीर, विहिरीवर पंप. पंपाची वीज पुष्कळदा रात्रीच येते, म्हणून अण्णा मध्यरात्री उठून पंप सुरू करायला जातात. वाटेत जांभ्या दगडांचा गडगा आहे आणि गडग्यात फुरशी. फुरसे म्हणजे जेमतेम हातभर जनावर, रंगाने मातीसारखे. पण चावले तर माणूस दवाखान्यापर्यंत पोचेल की नाही याची खात्री नाही.

गेली दोन वर्षे अण्णांच्या फोनवरचे शेवटचे वाक्य ठरलेले असे. “सेल हल्ली पूर्वीसारखे येत नाहीत रे. चार दिवसांत मान टाकतात.” मी “हो ना” म्हणे. हापूस पूर्वीसारखा येत नाही, पाऊस येत नाही, पाहुणे येत नाहीत. मग एकट्या सेलांनीच का यावे?

शेवटी मे महिन्यात गावी जाताना मी मोठ्या झोकात चार्ज होणारी एलईडी ब्याटरी घेतली. खोक्यावर लिहिले होते, ३००० ल्यूमेन. जुना शंभर वॅटचा पिवळा दिवा साधारण १३०० ल्यूमेनचा. म्हणजे तसले दोन दिवे मुठीत आणि वर थोडी चिल्लर. पल्ला ३०० मीटर! मी भारावलो. चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत, त्यांना बापाचे भारावणे बघवत नाही.

“बाबा, ३०० मीटरवर पोचेपर्यंत तो उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच उरतो. पल्ला तिथपर्यंतच मोजायची रीत आहे.”

“म्हणजे एवढे पैसे मी चांदण्याचे मोजले?”

“शिवाय ३००० ल्यूमेन पहिली काही मिनिटंच. मग ती तापते आणि आपोआप बेताने जळायला लागते.”

थोडक्यात, नव्या जावयाचा उत्साह.

गावी पोचलो त्याच रात्री जेवणानंतर मागच्या अंगणात ब्याटरीची परीक्षा ठरली. अण्णा परीक्षक म्हणून आरामखुर्चीत बसले. चिरंजीवांनी प्रास्ताविक केले. “आजोबा, यातला दिवा मुळात निळा असतो. त्यावर पिवळी पूड चढवली की पांढरा उजेड मिळतो. त्या निळ्या दिव्यासाठी जपानमध्ये जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळालं.”

“निळ्या दिव्याला?” अण्णा म्हणाले. “आमच्या वेळी आगगाडीच्या डब्यात रात्री निळाच दिवा असायचा. त्याला कधी कोणी सुपारीसुद्धा दिली नाही.”

बटण दाबले आणि आगरात लख्ख दिवस उगवला. माडावरचे कावळे सकाळ झाली समजून ओरडले. पलीकडच्या वाडीतून “कोण रे तो?” अशी आरोळी आली. पंपाच्या खोलीच्या दाराची कडीसुद्धा दिसत होती. अण्णा बराच वेळ त्या दिशेने बघत राहिले. मग म्हणाले,

“बरी आहे. पण धुकं फार पडलंय.”

मे महिन्यात आमच्याकडे घाम पडतो. धुके पडलेले कुणी पाहिलेले नाही.

“अण्णा, विहिरीपाशी काय दिसतंय?” मी विचारले.

“विहीर.”

“आणि काठावर?”

“काठ.”

काठावर सौ.ने संध्याकाळी विसरलेली लालभडक प्लॅस्टिकची घागर होती. मी बटण बंद केले.

झोपण्यापूर्वी स्वयंपाकघरात आई हळूच म्हणाली, “दिवाळीपासून पावलं मोजत जातात. पडवीपासून पंपापर्यंत १३२. तुला सांगू नको म्हणाले.” मग भांडी पालथी घालता घालता म्हणाली, “आता फुरशाला काय ठाऊक, यांचं कितवं पाऊल कुठे पडणार ते?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन वर्षे मी “हो ना” म्हणत होतो!

सकाळी अण्णांच्या मेजाचा खण उघडला. आत मान टाकलेले चौदा सेल निघाले. मी ते ओळीने मांडले, जोडी जोडीने जुन्या ब्याटरीत घातले आणि अण्णांनाच चापट द्यायला सांगितली. सातही जोड्या पेटल्या.

“अण्णा, सेल चांगले आहेत.”

अण्णा गप्प. मग म्हणाले, “ब्याटरीचं भिंग खराब झालं असेल.”

“भिंगच खराब झालंय,” मी म्हणालो, “पण ब्याटरीचं नव्हे.”

यावर ते रागावतील असे वाटले होते. ते रागावले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. ब्याटरी पंचाने पुसत ते म्हणाले, “मुंबईला न्याल तुम्ही मला. मग पंप कोण लावील?” सेलांवर आळ का आला ते आता कळले.

“मुंबई नाही. रत्नागिरी. संध्याकाळी परत.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, अशा डोळ्यांत उजेड आतल्या आत विखुरतो. समोरून झोत जितका मोठा, तितके धुके दाट. म्हणजे एवढे पैसे खर्चून मी वडिलांसाठी धुके विकत आणले होते. आधी उजवा डोळा करायचे ठरले. शस्त्रक्रियेला अर्धा तासही लागला नाही. आत नवे भिंग बसले आणि अण्णा संध्याकाळी घरी आले, दवाखान्यातल्या चहाला नावे ठेवत.

महिन्याभराने फेरपरीक्षा झाली. अण्णांनी ब्याटरी स्वतः पेटवली आणि लहान मुलासारखे ओरडले, “अरे, हा निळसर आहे की! नातू खरं बोलत होता!” मग झोत कमी करत करत सगळ्यात लहानावर आणला. “एवढा पुरे. मला पंपापर्यंत जायचंय, रत्नागिरीपर्यंत नाही.” तेवढ्या उजेडात गडग्याच्या फटी दिसत होत्या. पावले त्यांनी मोजली नाहीत. ती मी मोजली. १३२ नव्हती, १०४ भरली. डोळा दिसू लागल्यावर पाऊल लांब पडते, हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेले नव्हते.

परवा त्यांचा फोन आला. इकडचे तिकडचे झाले, पावसाचे झाले, मग म्हणाले, “ही तुझी ब्याटरी रोज रात्री तपासून बघतो. एकेक डोळा मिटून. उजव्याने निळी दिसते, डाव्याने पिवळी.”

“बरं मग?”

“मग काय! डावीकडचा सेल उतरलाय. कधी येतोस?”

या वेळी मी “हो ना” म्हटले नाही. गाडीचे तिकीट काढले.