आईचा फोटो आणि आमचा लॅपटॉप

कळसहून नागपूरला निघालो होतो. वाटेत कॅमेऱ्याचे कार्ड भरले. जागा करताना आईचा शेवटचा फोटो आमच्याच हातून पुसला गेला. तेव्हाच लॅपटॉप घ्यायचे ठरविले. परंतु कारकुनाच्या पगारात नवा कसा परवडावा? आम्ही वापरलेला पाहिला. १६ जीबी रॅम, एसएसडी आणि एसआरजीबीचे जवळजवळ सर्व रंग दाखविणारा आयपीएस पडदा, एवढेच धरून बसलो. वजन हातात घेऊन पाहिले, बॅटरी दुकानातच चालवून पाहिली. फोटो सुधारण्यासाठी डार्कटेबल व गिम्प मोफत मिळतात. वाचलेल्या पैशांत वेगळी हार्डडिस्क आणली. वाचकहो, फोटो उजळण्याआधी तो दोन ठिकाणी जपावा. आईचा फोटो मात्र आता कोणत्याच यंत्रात नाही.