लेन्सला फुटलेला कान

मुलांनो, तुमच्या घरी माळ्यावर एखादा जुना, रोल घालायचा कॅमेरा पडलेला आहे का? असला तर लगेच खाली काढू नका. आधी माझी गोष्ट ऐका. म्हणजे गोष्ट माझी नाही, माझ्या बाबांची आहे. आणि थोडी आमच्या चौथीच्या वर्गाची.

आमचं गाव रिद्धपूर. अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, संत्र्यांच्या मुलखात. ‘लीळाचरित्र’ इथे लिहिलं गेलं म्हणून मोठ्या वर्गांतल्या मुलांनी हे नाव वाचलं असेल. गावात दूरदूरचे यात्रेकरू येतात. आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल असतो, पण मी लहान होते तेव्हा एवढ्या लांब आल्याची आठवण म्हणून लोक फोटो काढून घेत, आणि ते काढत माझे बाबा. त्यांच्याकडे याशिका कंपनीचा कॅमेरा होता. अजून आहे. त्याचं शटर बॅटरीशिवायही उडतं. रोलमध्ये छत्तीस फोटो. एक बिघडला की पैसे गेले आणि गिऱ्हाईकही गेलं!

त्या कॅमेऱ्यात फोकस हातानेच करायचा. डोळा लावला की मधोमध एक छोटा गोल दिसतो. त्या गोलात समोरच्या माणसाचं नाक दोन तुकड्यांत दिसतं, एक इकडे सरकलेला, एक तिकडे. लेन्सवरची कडी फिरवत जायचं. दोन्ही तुकडे जुळून नाक अखंड झालं की फोकस झाला. मला लहानपणी ती जादूच वाटायची. बाबा क्षणात नाक जुळवायचे.

चार वर्षांपूर्वी त्यांना नाक जुळेनासं झालं. साखरेच्या आजाराने डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाला इजा झाली होती. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही. बाबांना कडेकडेचं दिसतं. दार दिसतं, झाड दिसतं, समोर चार माणसं उभी आहेत हे कळतं, पण जिथे नजर रोखतात नेमकं तिथेच धुकं येतं. आणि कॅमेऱ्यातला तो गोल तर बरोबर मध्यावर! बाबांनी कॅमेरा कपाटात ठेवला. “फोटो काढनं सुटलं आता, माय,” एवढंच बोलले.

वर्गात एकदा मी दादासाहेब फाळक्यांची माहिती सांगत होते. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट १९१३ साली मुंबईत लागला. पण त्याआधी रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून त्यांच्या डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ त्यांना दिसेनासं झालं होतं. उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली, आणि पुढे १९१२ साली त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्याने टिपली. घरी येऊन हे मी बाबांनाही सांगितलं. मला वाटलं, त्यांना धीर येईल. ते म्हणाले, “त्यायले दिसलं. मले नाही दिसत.” मी गप्प बसले. चांगलं काही सांगायला जावं आणि नेमकं दुखऱ्या जागी बोट लागावं, तसं झालं.

मग एका कामासाठी अमरावतीला गेले होते, तेव्हा बाबांचा कॅमेराही सोबत नेला. लेन्सवर बुरशी धरली होती, ती साफ करून घ्यायची होती. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराला मी बाबांचं सगळं सांगितलं. त्याने आपल्या खणातून एक कडं काढलं. रबराचं, बांगडीसारखं, आणि त्याला एका जागी बोटाच्या पेराएवढा उंचवटा. म्हणाला, “ही टॅब. लेन्सवर चढवायची. मग डोळ्याने नाही, बोटाने फोकस करायचा.”

बोटाने फोकस? मला काही उलगडेना. त्याने मला समजावलं ते तुम्हालाही सांगते.

फोकसची कडी फिरवली की आतली भिंगं पुढे-मागे सरकतात. वस्तू जितकी जवळ, तितकी भिंगं पुढे यायला हवीत. पण किती पुढे? बाबांच्या लेन्सचा आकडा ५० मिलिमीटर आहे. एक मीटरवरच्या माणसासाठी ती अडीच मिलिमीटरांहून थोडी जास्त पुढे येते आणि तीन मीटरवरच्या माणसासाठी एक मिलिमीटरसुद्धा पूर्ण नाही. पट्टी घेऊन बघा एक मिलिमीटर केवढा असतो! एवढंसं सरकणं आपल्या हाताला जमावं म्हणूनच ती कडी बरीच फिरवावी लागते. आता महत्त्वाची गोष्ट अशी, की तीन मीटर म्हटलं की कडी नेहमी त्याच एका जागी येते. कडी गोल आणि सगळीकडून सारखी, म्हणून बोटांना ती जागा कळत नाही. तिला एक कान फुटला, की कळते. कान कुठे आहे ते चाचपलं की अंतर समजलं. जर्मनीच्या लायका कॅमेऱ्याच्या १९२५ सालच्या लेन्सला अशी इवलीशी दांडी कारखान्यातूनच बसवलेली होती. ज्या लेन्सला नसते, तिला आपण वरून लावायची.

त्या कारागिराकडचं कडं बाबांच्या लेन्सला घट्ट होत होतं. पण युक्ती तर कळली होती! गावात आल्यावर वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी आणली. तिच्या टोकाला जी चौकोनी गाठ असते ना, तोच कान. लेन्सवर छापलेल्या आकड्यांप्रमाणे कडी तीन मीटरवर ठेवली आणि पट्टी अशी आवळली की कान बरोबर खाली आला, घड्याळात सहा वाजतात तिथे. वर्गात नेऊन दाखवलं तर एक जण ओरडला, “मॅडम, लेन्सले कान फुटला!” तेव्हापासून कानच म्हणतो आम्ही.

अंतर मोजायला मुलांनी सुतळी घेतली. दर अर्ध्या मीटरला गाठ. एक टोक बाबांच्या हातात, दुसरं फोटोतल्या मुलाच्या हातात. सिनेमाच्या चित्रीकरणातही फोकस सांभाळणारा मदतनीस टेपने असंच अंतर मोजून ठेवतो. आमच्याकडे टेप होता, पण मुलांना सुतळीच हवी होती. गाठी बोटांना लागतात, हे त्यांच्या आधी लक्षात आलं, माझ्या नाही.

बाबांनी कपाटातून कॅमेरा घेतला खरा, पण नाखुशीनेच. शाळेच्या अंगणात कडुनिंबाखाली एक पूर्ण रोल काढला. रोल धुवायला मुंबईला पाठवला. फोटो परत आले आणि काय सांगू! छत्तीसच्या छत्तीस फोटोंत मागची भिंत स्वच्छ, विटा मोजून घ्याव्यात इतकी. आणि मुलं सगळी धुरकट.

बाबांनी विचारलं, “कसे आले?” खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण त्यांनी आयुष्यभर फोटो काढलेत, माझ्या आवाजावरूनच ओळखलं त्यांनी. “जाऊ दे,” म्हणाले आणि कपाट बंद केलं.

चूक माझीच होती, पण ती सापडवली आमच्या वर्गातल्या एका मुलीने. अगदी कमी बोलणारी. तिने कान धरून हळूहळू फिरवला आणि म्हणाली, “मॅडम, कान फिरते पण आकडे फिरतच नाही.” बघते तर काय, पट्टी घट्टच होती, पण ती बांधली होती लेन्सच्या रबरी पट्ट्यावर, आणि तो जुना पट्टाच सैल होऊन कडीवर घसरत होता. बाबा कान सहावर आणत होते आणि आत भिंग भलतीकडेच राहत होतं.

तो रबरी पट्टा आम्ही काढूनच टाकला. मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचं बोटभर रुंदीचं कडं कापलं, उघड्या धातूवर ताणून चढवलं आणि त्यावर पट्टी आवळली. आता बाबा तयार होईनात. शेवटी चार-पाच पोरं शाळा सुटल्यावर घरीच आली आणि अंगणात सुतळी ताणून उभी राहिली. “आबा, हे टोक धरा ना!” नातवंडांच्या वयाच्या पोरांना नाही कसं म्हणणार?

या वेळी बाबांनी स्वतःची एक शिस्त घातली. प्रत्येक फोटोआधी कडी दूरच्या टोकाला, अडेल तिथपर्यंत न्यायची. तिथे कान ठरलेल्या जागी लागला तर ठीक, नाहीतर घसरला समजायचं. मग तिथून मोजत सहावर. ॲपर्चर आठच्या आकड्यावर ठेवलं. त्यामुळे तीन मीटरच्या अलीकडे-पलीकडे थोडी मोकळीक मिळते. अडीच ते साडेतीन मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. एखादा पोरगा अर्धं पाऊल सरकला तरी बिघडत नाही. आणि आमची पोरं सरकतातच!

रोल पुन्हा मुंबईला गेला. पाकीट आलं ते मी उघडलंच नाही. वर्गातून त्या मुलीला सोबत घेतलं आणि घरी आले. तिनेच बाबांच्या शेजारी बसून फोटो काढले. बाबा म्हणाले, “चांगला आला, असं सांगू नको मले. शर्टाच्या गुंड्या मोज.”

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. “एक, दोन, तीन... चौथी नाही आबा. तुटली हाय. दोरा लोंबते.”

“दोरा दिसते?”

“हो.”

बाबांनी तिच्या हातातून फोटो घेतला. अंगठ्याने त्याच्या कडा नीट चाचपल्या आणि म्हणाले, “आता दुसरा सांग.”