झोपलेला सर्व्हर

सोमवारी सकाळी साडेनऊला फोन. "अरे, सगळं बंद पडलंय. हजेरी नाही, टॅली नाही. आज सात तारीख, पगार काढायचेत!"

पलीकडे भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याचे अकाउंटवाले काका. बाबांच्या ओळखीतले, म्हणजे बिल शून्य आणि बोलणी पूर्ण. शनिवारी मीच तिथे नवा सर्व्हर लावून आलो होतो. सर्व्हर म्हणजे काय, एक असेंबल्ड टॉवर. खाली डेबियन १२ आणि केव्हीएम, वर तीन व्हर्च्युअल मशीन्स.

लावताना आमचा एकच वाद झाला होता. माझं म्हणणं, होस्टवर लागेल तेवढंच टाकायचं. कर्नल, केव्हीएम, एसएसएच, बस्स. काका म्हणाले, "नुसता काळा पडदा बघून मला काय कळणार रे? काहीतरी दिसू दे की." मी विरघळलो. ग्नोम डेस्कटॉप टाकला, वर व्हर्ट-मॅनेजर. ६४ जीबी रॅम आहे, डेस्कटॉपने त्यातली थोडी खाल्ली तर कुणाचं काय जातं? (या वादात सगळे रॅमवरच भांडतात. मीही तेच केलं.)

भोसरीला पोचलो. स्क्रीन काळी, दिवा लुकलुकतोय. पॉवरचं बटण हलकेच दाबलं आणि... सगळं जिवंत! पंधरा-वीस मिनिटं कुणी कीबोर्ड-माउसला हात लावला नाही की ग्नोम मशीनला झोपवतं. लॅपटॉपसाठी शहाणपणाचंच आहे ते. पण आत तीन मशीन्स राबताहेत हे त्याच्या गावीही नसतं. शनिवारभर मी समोर बसून टेस्टिंग करत होतो, त्यामुळे ते जागं राहिलं. मी निघालो आणि ते झोपलं. दोन रात्रींचा बॅकअपही गेला. पगार मात्र संध्याकाळपर्यंत निघाले, नाहीतर मी हे लिहायला नसतो.

खरं तर हा वाद जुनाच. व्हीएमवेअरच्या ईएसएक्समध्ये लिनक्सवर आधारलेला सर्व्हिस कन्सोल असायचा. २०११ च्या व्हीस्फिअर ५ पासून तो गेला, उरलं फक्त ईएसएक्सआय. मायक्रोसॉफ्टने २००८ साली सर्व्हर कोअर आणलं. २०१६ पासून तर कोअर की डेस्कटॉप हे इन्स्टॉल करतानाच ठरवावं लागतं, नंतर बदलता येत नाही. कारणही सरळ आहे. जितकं सॉफ्टवेअर जास्त, तितके पॅचेस आणि रीबूट जास्त, आणि होस्ट रीबूट झाला की वरची सगळी मशीन्स आडवी. हे सगळं मला पाठ होतं हो. तरी विरघळलो.

असो. पुढच्या रविवारी जाऊन मिनिमल डेबियन टाकलं. काका "चित्रवालं" काढल्याबद्दल रुसले.

दोन महिन्यांनी हार्डवेअरवाल्याने त्यात एक जादा कार्ड बसवलं आणि नेटवर्क कार्डाचं नाव enp3s0 चं... म्हणजे ईएनपी तीन एस शून्यचं, चार एस शून्य झालं. ब्रिज जुन्याच नावाला धरून बसलेला. नेटवर्क नाही, म्हणजे एसएसएच नाही. मी बंगळुरात, क्लायंटकडे. काका काळ्या पडद्यासमोर. डेस्कटॉप असता तर "वर उजव्या कोपऱ्यात क्लिक करा" म्हणता आलं असतं. त्याऐवजी चाळीस मिनिटं मी फोनवर फाइलची ओळ सांगत होतो आणि काका एकेक अक्षर परत वाचून दाखवत होते. "ई, एन, पी, चार... पुढे स्पेस आहे का रे?"

चालू झालं एकदाचं. मी म्हटलं, "काका, हवं असेल तर डेस्कटॉप परत टाकतो, झोप बंद करून."

"नको. मी वहीत लिहून घेतलंय सगळं."

आता रोज सकाळी नऊ पाचला त्यांचा मेसेज येतो. virsh list चा फोटो, तिरका काढलेला, खाली एकच शब्द: "रनिंग".