जनावर सगळ्यांचं, चारा एकाचा



काल रात्री पुन्हा जागल. हरभऱ्यात डुकरं उतरतात, म्हणून दोन वाजेपर्यंत बॅटरी मारत बांधावर बसलो होतो. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत मोंटाना राज्यात बोझमनला शेतीचं शिकतो. आपली रात्र म्हणजे तिकडची दुपार. म्हणाला, "मामा, हे दुखणं इथंही आहे. पण इथं त्याचा करार होतो."

मग त्यानं एका रँचच्या फाटकाचा फोटो पाठवला. रँच म्हणजे गुरं पाळायचं रान, हजारो एकरांचं. फाटकाजवळ लाकडी पेटी. सध्या तिकडं शिकारीचा हंगाम आहे. शिकारी येतो, चिठ्ठीवर नाव-तारीख लिहून पेटीत टाकतो अन् आत जातो. रँचवाल्याला एक पैसा देत नाही.

मी म्हटलं, "मग रँचवाल्याचा फायदा काय?"

तर तिकडं जंगली जनावर कोणाच्याही जमिनीवर असो, ते जनतेचं. राज्य सांभाळतं. जमीन मात्र मालकाची, परवानगीशिवाय शिकाऱ्याला आत पाय टाकता येत नाही. एल्क नावाचं सांबरासारखं जनावर आहे, नर तीनशे किलोच्या घरात. त्याचे कळप लसूणघास खातात, हिवाळ्यासाठी रचलेल्या गंजी फोडतात. जनावर सगळ्यांचं, पण चारा एकाचा.

म्हणून १९८५ पासून तिथं 'ब्लॉक मॅनेजमेंट' नावाची योजना आहे. राज्याचं वन्यजीव खातं मालकाशी करार करतं. किती शिकारी किती दिवस आले, ते मोजून खातं मालकाला पैसे देतं. हा पैसा मुख्यतः शिकाऱ्यांच्या परवान्याच्या फीमधूनच येतो. गाडी कुठपर्यंत आणायची, रोज माणसं किती, हे करारातच लिहिलेलं. गाड्यांच्या चाकांबरोबर तणाचं बी येतं, त्याच्या बंदोबस्तालाही जादा पैसे. कोणी पडलं-झडलं तर मालकाची जबाबदारी कायद्यानंच मर्यादित ठेवली आहे.

पण सगळे सामील होत नाहीत, सक्ती नाही. काहीजण मोठी रक्कम घेऊन खाजगी शिकार-कंपन्यांना रान देतात, काही फाटकच उघडत नाहीत. एल्क हुशार. हंगामात दिवसभर बंद रानात बसतात अन् रात्री शेजाऱ्याच्या घासात जातात. एकानं दार लावलं की भार दुसऱ्यावर.

हे ऐकून मी गप्प झालो. मागच्या साली मी तुरीभोवती झटका मशीन लावलं. डुकरं माझ्या धाकट्या चुलतभावाच्या भुईमुगात गेली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. यंदा त्यानं झटका लावला. माझी तूर कुंपणात, हरभरा उघडा. डुकरं माझ्याकडे. चूक कोणाची? दोघांनीही आपापलंच वाचवलं.

गैरसमज नको, आपल्याकडे शिकार उघडा असं मी म्हणत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, अन् दोन-तीन एकरांच्या तुकड्यांत, जिथं पलीकडच्या बांधावर बाई निंदत असते, तिथं बंदूक चालवणं म्हणजे माणूस मारणं. घेण्यासारखं आहे ते वेगळंच. तिथं शिकाऱ्यांच्या वर्दळीचा मोबदला कसा द्यायचा, हे आधी करारात ठरतं. आपण पीक गेल्यावर अर्ज करतो, फोटो काढतो, पंचनाम्याची वाट बघतो. आधी काय देणार, हे कोणी विचारत नाही अन् आपणही मागत नाही. मागायचं तर एकेकट्यानं नाही, सगळ्या शिवारानं मिळून मागावं लागेल.

त्याची सुरुवात घरापासून. आज संध्याकाळी चुलतभावाकडे चहाला जातोय. दोघांच्या रानाला मिळून एकच कुंपण घातलं तर बांधाचा मधला खर्च वाचतो, अन् बोलणंही सुरू होईल.

तुमच्या शिवारात कोणी असं जमवलं असेल तर खाली जरूर लिहा.