तिन्नकराला निघण्याआधी

रत्नागिरी स्टेशनात रोज एक गाडी थांबते, मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनहून निघते आणि एर्नाकुलमला संपते. आम्ही कोणाला सोडायला स्टेशनवर गेलो आणि ही गाडी उभी असली की अम्मीचा प्रश्न ठरलेला: "ही खरंच लक्षद्वीपपर्यंत जाते?" जात नाही. एर्नाकुलमच्या पुढे समुद्र आहे, आणि बेटे तिथून दोनशे ते चारशे किलोमीटर आत.

अम्मीच्या प्रश्नाला कारण आहे. तिचे वडील, म्हणजे आमचे नाना, मुंबईहून जहाजावर जाणारे खलाशी. आपल्या कोकणातल्या किती घरांतले पुरुष असेच गेले! नऊ-दहा महिन्यांनी घरी आले की ते एका दिव्याची गोष्ट सांगत. एडनहून कोलंबोकडे जाताना रात्री मिनिकॉय बेटाचा दिवा दिसायचा. १८८५ सालचा तो दीपगृहाचा दिवा अजून आहे. आठ-दहा दिवस नुसते पाणी बघितल्यावर तो दिवा दिसला की जहाजावरची माणसे एकमेकांना मुबारकबाद देत, असे नाना सांगायचे. अम्मीने तो समुद्र कधी पाहिला नव्हता.

गेल्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत आम्ही जायचे ठरवले. मुलगी नववीत, पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे मग दोन-तीन वर्षे कुठे जाणे नाहीच. अगत्ती बेटावर एक रात्र आणि तिथून बोटीने तिन्नकरा या छोट्या बेटावर दोन रात्री तंबूत. अम्मी अडुसष्ट वर्षांची, सोळा वर्षांपासून मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. दुबईतल्या भाईजानांना सांगितले तेव्हा फोनवर त्यांचा आवाज चढला. "वाळूवर, तंबूत, अम्मीला? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? इन्सुलिन कुठे ठेवशील? रात्री काही झालं तर डॉक्टर कुठून आणशील?"

त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. मी रागाने फोन ठेवला खरा, पण रात्री वहीत त्यांचे सगळे प्रश्न लिहून काढले. एकाचेही उत्तर सापडले नाही तर जायचे नाही, असे ह्यांच्याशी बोलून ठरवले. आमची तयारी म्हणजे ती वही.

पहिले काम परवान्याचे. लक्षद्वीपला आपल्या देशातल्या माणसालाही प्रवेश परवाना लागतो. १९६७ चे नियम आहेत. कारण समजण्यासारखे आहे. छत्तीस बेटे, त्यातली दहा वस्तीची, सगळी जमीन मिळून बत्तीस चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत माणसे ६४,४७३. त्यातले शंभरात शहाण्णवहून अधिक मुसलमान, आणि तिथले मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात. बाहेरच्यांची गर्दी झाली तर त्यांना जागाच उरणार नाही. परवान्यासाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा होता. आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेली अम्मी बुरखा नीट करून बाकावर बसली. हवालदारांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आजी, तुमच्यावर काही गुन्हा?" अम्मी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मग हवालदारच हसले आणि चहा मागवला. घरी येताना ती म्हणाली, "या वयात चारित्र्याचा दाखला! तुझ्या अब्बांनी निकाहाच्या वेळी मागितला नव्हता."

कोचीहून जहाजाने जायचे की विमानाने? मुलांना जहाज हवे होते, अम्मीला तर हवेच होते. पण बऱ्याच बेटांवर मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. खोल पाण्यात उभे राहते आणि माणसे छोट्या बोटीत उतरतात. बोट लाटेबरोबर वरखाली होत असताना दुखऱ्या गुडघ्यांनी पाऊल टाकायचे, हे मला पटेना. अगत्तीला छोटी धावपट्टी आहे, कोचीहून दीड तासाच्या आसपास. अम्मी दोन दिवस रुसली. बोटीत बसणे पुढे होतेच, असे सांगून समजूत काढली.

आता इन्सुलिन. आमच्या डॉक्टरांनी सांगितले की वापरात असलेले पेन फ्रिजबाहेर सुमारे चार आठवडे चालते, फक्त तापता कामा नये. जादाची पेने मात्र थंड हवीत आणि गोठता तर मुळीच कामा नयेत. सामानात आत टाकायचे नाही, हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. एक जुना उपाय मला आठवला: मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटे मडके, त्यात औषध, वर ओले फडके. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक आणून अंगणात आठवडाभर नोंदी केल्या. दुपारी बाहेर ३३ अंश, आत २८. वाईट नाही, पण समाधानही नाही. आपल्याकडची हवा दमट, ओले फडके लवकर वाळत नाही, मग थंडावा येणार कुठून? बेटावर तर चारी बाजूंनी समुद्र. देशावर हाच प्रयोग जास्त चांगला जमेल. शेवटी जादाची पेने अगत्तीतल्या यजमानांच्या फ्रिजमध्ये ठेवायची आणि तिन्नकराला वापरातले एक आणि सोबत एकच जादा पेन मडक्यात न्यायचे, असा मार्ग काढला. प्रत्येकाच्या खिशात खजूर आणि साखरेच्या पुड्या. वापरलेल्या सुया ठेवायला घट्ट झाकणाची जाड बाटली. ती परत रत्नागिरीला आणायची.

दुसरी भीती पायांची होती, आणि ती भाईजानांच्याही लक्षात आली नव्हती. बेटे प्रवाळाची. पांढरी मऊ वाळू दिसते, तिच्यात धारदार तुकडे असतात. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या पायाला जखम झालेली कळतच नाही, आणि प्रवाळाची जखम लवकर पिकते. अम्मीसाठी पाण्यात चालणारे, बोटे झाकणारे बूट घेतले. तिने ते बघून तोंड वाकडे केले. "वाळूवर अनवाणी चालायचं नाही तर जायचं कशाला?" मी वर्गात वापरते तो आवाज काढला. रोज रात्री टॉर्चने तळपाय तपासायचे काम मुलीने मागून घेतले.

शाळेच्या स्काउटचा तंबू मागून आणला आणि अंगणात एक रात्र सगळे झोपलो. बेटावर तंबू तिथलेच मिळणार होते, पण तालीम हवी. बरे झाले केली. रात्री दोनला अम्मी उठली आणि तिला चेन सापडेना. अंधारात चाचपडत तिने अर्ध्या आळीला उठवले. दुसऱ्या दिवशी चेनला पांढरी नाडी बांधायची आणि उशाशी टॉर्च दोरीने अडकवायचा, अशी वहीत नोंद.

त्याच तालमीत पाण्याचा हिशेब झाला. अशा बेटावर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते. विहिरीत मिळते ते हेच. जास्त उपसले की खालचे खारे वर येते आणि विहीर बिघडते. कवरत्तीला २००५ पासून समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प आहे, पण छोट्या बेटावर थरावरच भिस्त. म्हणून प्रत्येकाला एक लिटरची बाटली दिली आणि वुजू करायला सांगितले. मुलाची बाटली कोपरापर्यंतच संपली. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एका मुदमध्ये, म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर पाण्यात, वुजू करीत, हे मी त्याला दोनदा शिकवलेले. अम्मीने अर्ध्या बाटलीत उरकले आणि उरलेले तुळशीशेजारच्या मिरचीला घातले. लहानपणी विहिरीवरून डोक्यावर पाणी आणलेल्या बाईला बाटली दाखवायची गरज नव्हती.

(तुळस शेजारणीची आहे, मिरची आमची, कुंपण एकच.)

किब्ल्याचेही पाहिले. आपल्याकडे लोक सरळ मावळतीकडे तोंड करतात. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला बराच सरकून मावळतो, आणि अगत्तीहून मक्का पश्चिमेपासून सुमारे २३ अंश उत्तरेला. दोन्हींत जवळजवळ अर्ध्या काटकोनाचा फरक. ह्यांनी होकायंत्र घेतले. मी चांद्र तारखा पाहिल्या: पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. आमचे दिवस चांदाच्या आठ-नऊ तारखेचे निघाले. तंबू पाण्यापासून दूर असतात, पण रात्री अम्मीला घेऊन किनाऱ्यावर बसायचे तर लाट कुठवर येते हे ठाऊक असलेले बरे. नारळाखाली मात्र बसायचे नाही, वरून नारळ पडतात.

मुलीशी एका गोष्टीवरून वाद झाला. तिला अंगभर पोहण्याचा पोशाख घ्यायचा होता, पण मैत्रिणी हसतील म्हणून ती नको म्हणायला लागली. मग तिनेच वाचले की उन्हापासून वाचायला अंगाला लावतात त्या काही मलमांतली रसायने प्रवाळाला अपायकारक असतात, आणि अंगभर कपड्याइतके सोपे दुसरे काही नाही. वाद मिटला, श्रेय मला मिळाले नाही. मुलाला शंख-प्रवाळ गोळा करायचे नाहीत हे बजावले. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तुकडासुद्धा आणता येत नाही.

त्याने वहीच्या मागच्या पानावर तिथल्या खाजणाचा नकाशा काढला होता: बंगारम, तिन्नकरा, पराली एक, पराली दोन. वाचता वाचता मला कळले की पराली एक आता नाही. १९६८ साली होते, पुढे झिजत गेले, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते पूर्ण नाहीसे झाल्याची नोंद आहे. मुलगा खोडरबर घेऊन बसला, पण त्याने खोडले नाही. पेन्सिलीने तुटक रेघ केली आणि विचारले, "अम्मी, तिन्नकराचं पण असं होईल?" मी उत्तर दिले नाही, आणि त्यानेही पुन्हा विचारले नाही.

भाईजानांचा शेवटचा प्रश्न डॉक्टरचा. अगत्तीला रुग्णालय आहे, आणि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला नेतात. त्यांना मी हे सगळे लिहून, मडक्याच्या फोटोसह पाठवले. उत्तर आले: "रोज साखर कळव."

अगत्तीला उतरलो. तिथली भाषा मल्याळमची एक बोली. माझे उर्दू कामाचे नाही, मराठी तर नाहीच. सलाम मात्र चालला. यजमानांच्या बायकोने अम्मीचा हात धरून आत नेले. घर तिच्या नावावर, तिच्या आईकडून आलेले. त्या बेटांवर मायकडून घराणे मोजायची जुनी रीत आहे. हे खुणांनी आणि मुलीच्या मोबाइलवरून कळले तेव्हा अम्मी माझ्याकडे बघून भुवया उंचावत होती. पहाटे हे फज्रच्या जमातीला गेले आणि परत येऊन अम्मीला म्हणाले, "दुसऱ्या रकातीत इमामसाहेबांनी हात उचलून कुनूत पढली. अगदी आपल्या मोहल्ल्यासारखी." तेही शाफई, आपण कोकणीही शाफई. अम्मी पुन्हा पुन्हा ते सांगायला लावत होती.

तिन्नकराच्या बोटीत ती पुढे बसली, बूट घालून, कुरकुर न करता. पाणी इतके स्वच्छ की तळाची बोटीची सावली आमच्याबरोबर सरकत होती. रात्री जेवणानंतर तिने मुलाला विचारले, मिनिकॉय कुठल्या दिशेला? त्याने होकायंत्र धरून दक्षिणेकडे, जरासे पूर्वेला, बोट दाखवले. "पण नानी, तीनशे किलोमीटर आहे, दिवा दिसणार नाही."

"माहीत आहे," अम्मी म्हणाली, आणि सतरंजी फिरवून त्या बाजूला तोंड करून बसली. कितीतरी वेळ. मी दोनदा टॉर्चने तिचे पाय तपासले, तिने एकदाही वळून पाहिले नाही.

मोबाइलला नेट अगत्तीला परतल्यावर मिळाले. भाईजानांना तिने स्वतः फोन लावला. ते विचारत होते ते मला पलीकडून ऐकू येत होते. "एकशे बत्तीस," अम्मीने सांगितले. "आता पुढचं ऐक."